हिशेबाच्या वहीतली नऊ वर्षे

माझी थोरली बहीण २०१४ ते २०२२ अशी नऊ वर्षे व्यावसायिक टेनिस खेळली आणि त्या नऊ वर्षांचा जमाखर्च माझ्याकडे होता. शाळेत असताना मीही दोन वर्षे रॅकेट धरली होती. परंतु माझा बॅकहँड पाहून प्रशिक्षकांनीच 'तू आपला गुण लिहीत जा' असे सुचवले आणि तेव्हापासून मी ताईच्या आकड्यांचा माणूस झालो. सुरुवातीला खरोखरच एक जाड वही होती, पुढे संगणकावर तक्ते आले, तरी आम्ही दोघे त्याला शेवटपर्यंत 'वही'च म्हणत राहिलो. गेल्या महिन्यात काही जुने कागद शोधताना ती पाने पुन्हा हाताला लागली आणि दोन रात्री मी ती चाळत बसलो.

एकेरीत तिचा सर्वोत्तम क्रमांक ४३७ होता. हा आकडा सांगितला की ऐकणारा क्षणभर गोंधळतो. कौतुक करावे की सांत्वन करावे, हे त्याला ठरवता येत नाही आणि मग बहुतेक जण 'टीव्हीवर कधी दिसली का?' असे विचारून सुटका करून घेतात. टीव्हीवर ती कधीच दिसली नाही. या खेळाची घडण माहीत नसेल तर ४३७ म्हणजे नेमके कुठे, हे समजणे कठीण आहे. म्हणून आधी तेवढे सांगतो.

विम्बल्डनसारख्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना ग्रँड स्लॅम म्हणतात. ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या यादीत, १२८ खेळाडू असतात आणि साधारण पहिल्या शंभरातल्या खेळाडूंना तिथे थेट प्रवेश मिळतो. त्याखालच्यांसाठी १२८ जणांची पात्रता फेरी असते; तीन सामने सलग जिंकायचे, तेव्हा कुठे १६ जणांना मुख्य ड्रॉचे दार उघडते. विम्बल्डनची पात्रता फेरी तर मूळ मैदानावर होतही नाही, ती काही किलोमीटर दूर रोहॅम्प्टनला होते. त्या पात्रता फेरीत नाव यायलाही ढोबळ मानाने पहिल्या अडीचशेत असावे लागते. म्हणजे ४३७वी खेळाडू विम्बल्डनच्या तर सोडाच, रोहॅम्प्टनच्याही दाराबाहेर असते. तिचे जग आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धांचे. त्यातल्या सर्वांत खालच्या पायरीवर स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असते आणि ती एकेरी व दुहेरीतल्या सगळ्या खेळाडूंमध्ये वाटली जाते. ताई खेळत होती तेव्हा अशी स्पर्धा जिंकणारीला २,३५२ डॉलर मिळत आणि पहिल्या फेरीत हरणारीला १४७. ज्यांवर क्रमांक ठरतो त्या गुणांची तफावत तर विचारूच नये. आज अशा स्पर्धेच्या विजेतीला १५ गुण मिळतात, ग्रँड स्लॅमच्या विजेतीला २,०००. आणि छोट्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणारीला एकही गुण मिळत नाही.

या १४७ डॉलरमधूनही अनेक देशांत कर जागेवरच कापून घेतला जातो. वहीतले एक पान मी इथे जसेच्या तसे समोर धरतो. मोनास्तिर, ट्युनिशिया, आठवडा सतरावा. जमा : एकेरी पहिली फेरी, दुहेरीची उपांत्यपूर्व फेरी, जोडीदारासोबत निम्मे-निम्मे. खर्च : विमान, हॉटेलच्या सात रात्री, दोन रॅकेटचे गटिंग (नव्या तारा बसवणे), सरावासाठी चेंडूंचा एक डबा, धोब्याऐवजी न्हाणीघर. हा शेवटचा शेरा ताईचा आहे. ती स्वतःचे कपडे हॉटेलच्या टबमध्ये धुवायची आणि मला फोनवर सांगायची, 'धुलाई शून्य, लिही.' तळाशी मी लाल शाईने तूट लिहिलेली आहे. मोनास्तिर, तुर्कीतले अंताल्या, इजिप्तमधले शर्म अल शेख ही नावे वहीत इतक्या वेळा येतात की एखाद्याला वाटावे, आमचे तिथे नातेवाईक आहेत. त्याचे कारण साधे आहे. या ठिकाणच्या समुद्रकाठच्या हॉटेलांत आठवड्यामागून आठवडे अशा स्पर्धा चालू असतात. एकदा विमानाचा खर्च केला की तीन-चार आठवडे तिथेच राहून तीन-चार स्पर्धा खेळता येतात. बाहेर पर्यटक पोहत असतात आणि कुंपणापलीकडे रिकाम्या खुर्च्यांसमोर दोन मुली एकेका गुणासाठी जीव काढत असतात. चेंडू वेचायला कोणी नसते. आपला आपणच आणायचा.

आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ सालच्या आकडेवारीवरून या सगळ्याचा एक अभ्यास केला होता. त्या वर्षी जगभरात सुमारे १४,००० खेळाडू व्यावसायिक स्पर्धांत उतरले होते आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना एक डॉलरही मिळाला नव्हता. प्रवास, निवास, गटिंग यांसारखा खर्च बक्षिसातून भागावा, यासाठी पुरुषांमध्ये ३३६वा आणि महिलांमध्ये २५३वा क्रमांक गाठावा लागत होता, असे त्यात निघाले. प्रशिक्षकाचा खर्च या हिशेबात धरलेलाच नव्हता. हा अभ्यास वाचला तेव्हा मला खरे तर बरे वाटले होते. तूट माझ्या हिशेबाच्या चुकीमुळे येत नव्हती, एवढे तरी सिद्ध झाले.

तूट भरून काढण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. जर्मनी आणि फ्रान्समधल्या क्लबांच्या सांघिक लीगमध्ये सामन्यामागे ठरावीक मानधन मिळते. त्या काही आठवड्यांवर कित्येकांचे उरलेले वर्ष चालते. ताई तीन उन्हाळे अशा एका क्लबकडून खेळली आणि वहीत काळ्या शाईने भरलेली पाने बहुतांशी त्याच महिन्यांतली आहेत. बाकी मग वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंना सरावासाठी चेंडू मारून देणे, मुलांना शिकवणे, आणि आई-वडील. आई-वडिलांचा रकाना मी निळ्या शाईने लिहीत असे, कारण ती रक्कम उत्पन्न म्हणावी की कर्ज, हे आमच्या घरात कधी ठरले नाही.

परंतु पाने चाळताना माझी नजर अडकली ती पैशांच्या रकान्यावर नव्हे. तूट आम्ही पहिल्या वर्षीच गृहीत धरली होती. अडकली ती 'परतीची तारीख' या रकान्यावर. नऊ वर्षांत तो रकाना एकदाही पेनाने लिहिलेला नाही. सगळीकडे पेन्सिल, खोडलेली, पुन्हा लिहिलेली, काही ठिकाणी कागद विरेपर्यंत खोडलेली.

टेनिसचा आठवडा फार विचित्र असतो. प्रवेश अर्जाची मुदत स्पर्धेच्या दोन-अडीच आठवडे आधी संपते. तेव्हा खेळाडू एकाच आठवड्यासाठी वेगवेगळ्या देशांतल्या स्पर्धांना पसंतीक्रमाने नावे देऊन ठेवतो. कुठे मुख्य ड्रॉमध्ये जागा मिळेल, कुठे पात्रता फेरीत, कुठे नुसतेच राखीव यादीत, हे इतरांच्या क्रमांकांवर आणि इतरांच्या माघारीवर ठरते. राखीव यादीत सातव्या क्रमांकावर असताना विमानाचे तिकीट काढावे की नाही, हा प्रश्न मी आणि ताई रात्री अकरा वाजता कितीदा सोडवत बसलो असू, याची मोजदाद नाही. तिथे पोहोचल्यावर मंगळवारी हरलात तर बुधवारपासून तुम्हाला कामच नाही आणि जिंकत गेलात तर रविवारपर्यंत हलता येत नाही. दोन्हींसाठी एकच तिकीट काढायचे असते. तारीख बदलता येणारे तिकीट महाग. न बदलता येणारे घेतले आणि ती जिंकत गेली, तर ते वाया. एकदा ती उपांत्य फेरीत पोहोचली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार तिकिटाचा आला होता. त्याची लाज मला अजून वाटते.

आणि हे सगळे ज्यासाठी, ते गुण बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण या सोमवारी खात्यातून निघून जातात. या आठवड्यात तेवढेच पुन्हा मिळवले नाहीत तर क्रमांक घसरतो. खेळाडू याला 'गुण डिफेंड करणे' म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटते की ताप आला तर आठवडाभर विश्रांती घ्यावी. ताईला तो ताप कोणत्या आठवड्यात आला आहे, हे आधी पाहावे लागे. एका अंतिम फेरीचे गुण डिफेंड करायचे म्हणून ती पुढच्या वर्षी दुखऱ्या मनगटाला पट्टी बांधून त्याच गावी गेली, पहिल्या फेरीत हरली आणि त्यानंतर पाच महिने खेळू शकली नाही. दीर्घ दुखापतीनंतर जुन्या क्रमांकाच्या आधारे काही स्पर्धांत प्रवेश मिळण्याची तरतूद नियमांत आहे. पण त्यासाठी किमान सहा महिने मैदानाबाहेर राहावे लागते. ताई पाचव्या महिन्यातच परतली, कारण त्या वेळी क्लबच्या लीगचा मोसम सुरू होत होता. हा निर्णय चुकला. वहीच्या बाजूने पाहिले तर बरोबर होता, आणि मीच तिला वही दाखवली होती.

खालच्या पायरीवरच्या खेळाडूंची आपसातली नाती कशी असतात, असे मला कोणी विचारले की मी अंताल्यातला एक प्रसंग सांगतो. त्या वर्षी मी सुट्टी काढून दहा दिवस तिच्यासोबत गेलो होतो. खर्च वाचवण्यासाठी ती एका बाल्कन देशातल्या मुलीबरोबर एकाच खोलीत राहत होती. दोघींची चार वर्षांची ओळख, एकत्र दुहेरी, एकमेकींच्या रॅकेटवर ग्रिप गुंडाळण्याइतकी जवळीक. सोमवारी संध्याकाळी ड्रॉ लागला आणि पहिल्याच फेरीत दोघी समोरासमोर आल्या. रात्री खोलीत दिवा कोणी मालवायचा, यावरही अवघडलेपण होते, असे ताईने नंतर सांगितले. सकाळी दोघींनी एकत्र न्याहारी केली, एकाच बसने कोर्टवर गेल्या, अर्धा तास एकमेकींबरोबरच सराव केला, कारण दुसरे कोणी मोकळे नव्हते, आणि मग दोन तास चाळीस मिनिटे सामना खेळल्या. ताई तिसऱ्या सेटमध्ये हरली. हस्तांदोलनानंतर ती मुलगी रडत होती आणि ताई तिची समजूत घालत होती. पंचाने गुणपत्रिकेवर सही घेण्यासाठी दोनदा हाक मारली. संध्याकाळी दोघींनी मिळून दुहेरीचा सामना जिंकला. मी कुंपणापाशी उभा राहून हे पाहत होतो आणि माझ्याशिवाय तिथे एक माळी होता.

आणखी एक जण मात्र सतत हजर असायचा, आणि तो दिसत नसे. या रिकाम्या कोर्टांवरचा प्रत्येक गुण पंचाच्या हातातल्या यंत्रातून त्याच क्षणी जगभर जातो, कारण महासंघाने या सामन्यांची थेट आकडेवारी २०१२ पासून विकायला सुरुवात केली आणि त्या आकड्यांवर सट्टा लावता येतो. सामना पाहणारा एक माळी आणि पैसे लावणारे न जाणो किती. हरल्यानंतर ताईच्या फोनवर येणारे निरोप मी एक वर्षभर तिच्याआधी वाचून पुसत असे. ते इथे देण्यासारखे नाहीत. तिच्या शरीराबद्दल, आमच्या आईबद्दल, आणि वारंवार येणारे एक वाक्य : 'तू मला अमुक इतक्या पैशांना बुडवलेस.' बहुधा ती रक्कम तिच्या त्या आठवड्याच्या कमाईपेक्षा जास्त असे. महासंघ आणि महिला टेनिस संघटना यांनी २०२४ सालाबद्दल प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुमारे ८,००० अपमानकारक संदेश नोंदवले आहेत. ४५८ खेळाडूंना ते आले होते आणि त्यांतले ४० टक्के चिडलेल्या सट्टेबाजांचे होते. त्याच वर्षी असे संदेश शोधून काढणारी सेवाही खेळाडूंसाठी सुरू झाली. ताई तोवर थांबली होती.

एकदा दुसऱ्या प्रकारचा निरोप आला. भाषा अतिशय सभ्य होती. पहिला सेट हरायचा, सामना हवा तर जिंकायचा. मोबदला तिच्या कित्येक आठवड्यांच्या बक्षिसाइतका. ताईने तो मला दाखवला आणि आम्ही दोघे काही वेळ गप्प बसलो. इथे मी स्वतःला फार सज्जन ठरवणार नाही. त्या शांततेत मी मनातल्या मनात तूट वजा केली होती. मग तिने तो निरोप टेनिसच्या सचोटी विभागाला पाठवला. न पाठवणे हाही नियमभंगच असतो, पण तिने तो नियमासाठी पाठवला असे मला वाटत नाही. तिला स्वतःचा पहिला सेट फार प्रिय होता. २०१८ साली एका स्वतंत्र समितीने या खेळातल्या भ्रष्टाचाराचा अहवाल दिला. त्यासाठी केलेल्या पाहणीत ३,२०० हून अधिक खेळाडूंपैकी ४६४ जणांनी सामनानिश्चितीची प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले होते. मूळ दुखणे समितीनेही तेच सांगितले, जे आमच्या लाल शाईत होते : खेळायला जितका खर्च येतो तितकेही जिथे मिळत नाही, तिथे हरण्याचे दाम देणारा माणूस येणारच.

तिच्या खासगी आयुष्याबद्दल लिहिण्याची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे, मर्यादेसह. चार वर्षे एका माणसाशी तिचे नाते होते. तो टेनिसशी संबंधित नव्हता, समजूतदार होता आणि तिचे सामने मोबाइलवरच्या आकड्यांत पाहत असे; चेंडू दिसत नाही, फक्त १५, ३०, ४० बदलत जाते आणि मध्येच बराच वेळ काही बदलत नाही, तेव्हा ती पडली आहे की नुसता सेट संपला आहे, हे कळत नाही. त्यांची भांडणे पैशांवरून किंवा अंतरावरून झाली नाहीत. झाली ती साध्या प्रश्नांवरून. माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला येशील ना? नोव्हेंबरमध्ये आठ दिवस कुठे जाऊ या का? ताईचे उत्तर प्रत्येक वेळी खरे असे आणि प्रत्येक वेळी एकच असे : जिंकले तर नाही, हरले तर येईन. काही काळाने त्याच्या लक्षात आले की आपण तिच्या पराभवाची वाट पाहू लागलो आहोत. हे त्याने तिला प्रामाणिकपणे सांगितले आणि त्यानंतर ते फार दिवस टिकले नाही. मला त्याचा राग आला नाही. मी तरी तिकिटांच्या बाबतीत निराळे काय करत होतो?

अशा वेळी लोक तात्याना मारियाचे उदाहरण देतात. ते उदाहरण सुंदर आहे, यात शंका नाही. दोन मुलींची आई, क्रमांक १०३, आणि २०२२ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत. पुढे २०२५ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी लंडनच्या क्वीन्स क्लबची स्पर्धा तिने पात्रता फेरीतून येऊन जिंकली. पहिल्या बाळंतपणाच्या काळात तिने आपला दोन हातांचा बॅकहँड सोडून एका हाताचा बॅकहँड शिकून घेतला, हे वाचून ताई थक्क झाली होती. पण त्या कुटुंबात पतीच प्रशिक्षक आहे आणि सगळे घरच दौऱ्यावर असते. ज्याची स्वतःची नोकरी एका जागी आहे, अशा जोडीदाराला हे उदाहरण देऊन काय साधणार? महिला टेनिसमध्ये मातृत्वासाठी बारा महिन्यांपर्यंत पगारी रजा देणारा निधी २०२५ मध्ये सुरू झाला, तो स्वागतार्हच आहे. ताईच्या काळात मूल आणि क्रमवारी हे दोन शब्द एका वाक्यात आले की संभाषण थांबत असे.

दुसरे उदाहरण मार्कस विलिसचे. ते आम्हाला इतक्या जणांनी ऐकवले की घरात त्यावर बंदी घालावी लागली. २०१६ साली ७७२व्या क्रमांकावरचा हा इंग्लिश खेळाडू, एका क्लबमध्ये मुलांना शिकवणारा, खेळ सोडण्याच्या बेतात असताना दंतवैद्य मैत्रिणीच्या आग्रहाखातर विम्बल्डनच्या पात्रतापूर्व फेरीत उतरला, सहा सामने जिंकून मुख्य ड्रॉमध्ये आला, तिथे रिकार्डास बेरांकिसला हरवले आणि दुसऱ्या फेरीत सेंटर कोर्टवर रॉजर फेडररसमोर उभा राहिला. पहिला सेट ०-६ गेला. दुसऱ्या सेटमध्ये त्याने आपला पहिला गेम जिंकला तेव्हा सारे स्टेडियम उभे राहिले. ही गोष्ट खरी आहे आणि मलाही ती आवडते. फक्त, ती सांगणारा माणूस ताईला नकळत असे सांगत असतो की तुझी रोजची मेहनत हे अजून न आलेल्या एका दिवसाचे प्रास्ताविक आहे. तिच्या दृष्टीने अंताल्यातला मंगळवार हा मंगळवारच होता आणि त्या दिवशी तिचा फोरहँड कसा पडत होता, याला महत्त्व होते.

पैशांच्या बाबतीत खालच्या खेळाडूंचे प्रश्न आता उघडपणे बोलले जातात, हा एक बदल मी पाहिला. सुमित नागलने २०२३ मध्ये सांगितले की वर्षाच्या सुरुवातीला खात्यात होते तेवढेच, म्हणजे ९०० युरो आपल्याजवळ आहेत. चार महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीतून येऊन ३१व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवले. ९०० युरोंचा खेळाडू आणि मानांकिताला हरवणारा खेळाडू एकच होता, हे त्यामुळे तरी लोकांना दिसले. पुरुषांच्या संघटनेने २०२४ पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली : पहिल्या शंभरातल्यांना ३ लाख डॉलर, १७५ पर्यंतच्यांना दीड लाख, २५० पर्यंतच्यांना ७५ हजार. योजना चांगली आहे. ४३७ हा आकडा त्यात बसत नाही, एवढेच.

याच विषयावर एप्रिल २०२० मध्ये मोठा वाद झाला होता. महासाथीमुळे मार्चपासून सगळ्या स्पर्धा बंद होत्या आणि वरच्या खेळाडूंनी खालच्यांसाठी निधी द्यावा, असा प्रस्ताव पुढे आला. तेव्हा जगात तिसरा असलेल्या डॉमिनिक थीमने तो नाकारला. खालच्या पातळीवरचे सगळेच काही खेळाला सर्वस्व वाहिलेले नसतात, त्यांना मी पैसे का द्यावेत, असा त्याचा रोख होता. अल्जेरियाच्या इनेस इब्बूने, जी तेव्हा सहाशेच्या पलीकडे होती, एका चित्रफितीतून त्याला उत्तर दिले आणि सोयी नसलेल्या ठिकाणाहून एकटीने उभे राहणे म्हणजे काय, हे सांगितले. ताईने ती चित्रफीत तीनदा पाहिली. तरीही ती थीमवर पूर्ण रागावली नाही, हे मला नमूद केले पाहिजे. 'तो अगदीच खोटं बोलत नाही,' ती म्हणाली, 'आमच्यात नुसते फिरणारे आहेत. पण कोण फिरतंय आणि कोण झिजतंय, हे त्याला तिथून कसं दिसणार?' पुढे खेळाच्या संघटनांनी मिळून ६० लाख डॉलरचा निधी उभारला आणि तो सुमारे ८०० खेळाडूंत वाटला गेला. त्या वर्षीचे पान वहीतले सर्वांत कोरे पान आहे. ना जमा, ना खर्च. ताई त्या महिन्यांत प्रथमच सलग घरी होती, रोज एकाच पलंगावर झोपत होती, आणि आईच्या म्हणण्यानुसार पहिले पंधरा दिवस ती सकाळी उठल्यावर आपण कुठे आहोत, हे आठवत बसायची.

त्याआधी २०१९ मध्ये महासंघाने सर्वांत खालच्या स्पर्धांचे गुण मुख्य क्रमवारीतून काढून एका वेगळ्या यादीत टाकण्याचा प्रयोग केला होता. खेळाडूंचा इतका विरोध झाला की ऑगस्टमध्ये तो गुंडाळावा लागला. त्या सात महिन्यांबद्दल मी अधिक लिहीत नाही. वहीत त्या काळातल्या एका पानावर ताईने नुसते एक मोठे प्रश्नचिन्ह काढले आहे आणि ते पुरेसे आहे.

ती थांबली ते कोणताही निर्णय न घेता. निवृत्तीचे पत्रक, शेवटचा सामना, अश्रू, असे या पातळीवर काही नसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका २५,००० डॉलरच्या स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीत हरली, घरी आली आणि पुढच्या आठवड्यासाठी नाव द्यायची मुदत होती त्या दिवशी तिने नाव दिले नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही दिले नाही. मी विचारले नाही. गुण मात्र आपल्या गतीने गळत राहिले; खेळ थांबला तरी बावन्न आठवडे नाव यादीत राहते आणि दर सोमवारी थोडे थोडे खाली सरकते. ६१२. ६४०. ७९५. एका सोमवारी तर ती न खेळता चार जागा वर गेली, कारण वरच्या चौघींचे गुण तिच्याआधी गळले. आम्ही दोघे खूप हसलो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये यादी उघडली तेव्हा तिचे नाव नव्हते. मी तिला कळवले. ती तेव्हा एका अकादमीत दहा वर्षांच्या मुलांना सर्व्हिसची टॉस शिकवत होती आणि तिने उत्तरादाखल एका मुलाने छतात अडकवलेल्या चेंडूचे छायाचित्र पाठवले.

गटिंगचे यंत्र अजून तिच्या जेवणाच्या टेबलावरच आहे. ते बाजूला ठेवावे, असे तिला सुचत नाही आणि पाहुणे आले की सगळे त्याच्या भोवतीने बसतात.

यंदा जानेवारीत मी तिला सहज विचारले की ऑक्टोबरमध्ये माझ्या मुलीचा वाढदिवस आहे, येशील का. तिने विचार न करता 'येते' म्हटले. मीच चकित होऊन विचारले, 'नक्की लिहू?' ती म्हणाली, 'पेनाने लिही.' मग फोन ठेवण्याआधी, बहुधा नऊ वर्षांच्या सवयीने, तिने त्या आठवड्यात स्पर्धा कुठे आहे ते पाहिलेच. मोनास्तिरला होती.